काचेवरचा ठिपका

वेधशाळेच्या मागे पुन्हा काच फुटली, तशी ताई, तिचा धाकटा भाऊ चष्मिश आणि चुलतभाऊ ढब्बू तिकडे धावली. भांडारप्रमुख पेट्यांमधल्या जुन्या काचा कचऱ्याच्या डब्यात आपटत होते.

"काका, या आकाशाच्या फोटोंच्या काचा आहेत," ताई म्हणाली. "आत्या यांच्यावरच काम करायची."

"मग नवे संगणक कुठं ठेवू, माझ्या डोक्यावर? निघा इथून."

सुट्टीत तिघं आत्याकडे आली होती, पण आत्याच इस्पितळात होती आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती. फार पूर्वी या काचांवर तिला एक लघुग्रह दिसला होता. वेधशाळेच्या संचालकांनी 'ओरखडा आहे' म्हणून विषय संपवला होता. तिच्या नावाची पेटी अजून शाबूत होती.

ढब्बू पाय धरून मटकन खाली बसला. "काका, काच घुसली. मला चक्कर येतेय."

भांडारप्रमुख घाबरून मलमपट्टी आणायला आत पळाले. परत येतात तो पेटीही गायब, जखमीही गायब.

"खरंच लागलं नाही ना रे?" वाटेत ताईनं विचारलं.

"लागलीय ती भूक," ढब्बू म्हणाला.

इस्पितळात ताईनं काचा खिडकीच्या उजेडात धरल्या. आत्याला मानही उचलवत नव्हती.

"लागोपाठच्या रात्रींच्या दोन घ्या," ती पुटपुटली. "तारे जुळवा. काय हललंय?"

चष्मिशनं काचेला नाक टेकवलं. "सगळे ठिपके जागच्या जागी आहेत. हा एकच सरकलाय."

"ओरखडा सरकतो का रे?" आत्या म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.

आत्याजवळ थांबलेल्या ताईच्या बाबांनी ती पेटी थेट संचालकांच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्याच आठवड्यात आत्या गेली.

सुट्टी संपत आली तेव्हा संचालक आत्याच्या घरी आले. "त्या काचांवरून कक्षा मांडली, तिथं दुर्बीण लावली आणि तो दिसला. मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात आहे. कोळशासारखा काळा, लांबट. गरगरत जातो, म्हणून त्याचा उजेड कमी-जास्त होतो." त्यांनी ढब्बूच्या पाठीवर हात ठेवला. "शाबास पोरांनो. तुमच्यामुळे सापडला."

"तो सापडलाच होता," ताई म्हणाली. "आत्याला."

बाबा तिला दटावणार होते, पण संचालकांनी त्यांना थांबवलं. "बरोबर आहे तिचं. शोध तुमच्या आत्याच्याच नावावर लागेल. मी तसं कळवूनच आलोय."

"आता तिला कोण कळवणार?" ताईनं विचारलं.

इतके दिवस न रडलेली ताई तेव्हा रडली.