पुढच्या चाकात बत्तीस

बाभळीचा काटा रुतला नसता, तर कुलदीप त्या दुकानापाशी थांबलाच नसता.

नांदुऱ्याहून मोताळ्याकडे निघालं की डाव्या हाताला कडूबाचं टायरचं दुकान लागतं. दुपारचे तीन वाजले होते. चैत्राचं ऊन असं की रस्त्यावर चिटपाखरू नाही. कडूबा आत बाजेवर घोरत होता आणि त्याची लेक सारिका ट्रकची ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होती. तेवढ्यात ती गाडी दुकानाकडे वळली. वळली कसली... ओढून आणली.

सव्वादोनशे किलोची, लांबच्या प्रवासाची मोटारसायकल. मागे दोन्ही अंगांना पत्र्याच्या पेट्या. वर बसलेला तरुण घामानं भिजलेला, डोळे खोल गेलेले.

"मागचं चाक पंक्चर हाये," तो म्हणाला.

"ते दिसूनच राह्यलं. पुढं काय झालं?"

"पुढं?"

"वळताना गाडीशी भांडून राह्यले होते तुम्ही."

त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. कपाळावर ग्रीसचा डाग, हात कोपरापर्यंत ओले.

"भांडण जुनं हाये," तो म्हणाला.

सारिकानं काटा उपसला, भोक बुजवलं. मग सवयीनं पुढच्या चाकालाही हवेचा मीटर लावला. बावीस. या चाकात बत्तीस हवी होती.

"हवा कोण पाह्यते?"

"मीच. उन्हाळ्यात दहा पॉइंट कमीच ठेवतो. टायर फुटाले नको."

या भागात उन्हाळा लागला की सगळेच हवा सोडतात. तिच्या बापानं तर दुकानाच्या पाटीवरच रंगवून घेतलं होतं : 'उन्हाळ्यात हवा कमी ठेवा'. आयटीआयमध्ये सारिका उलटं शिकली होती. कमी हवेचं टायर जास्त दबतं, म्हणून जास्त तापतं. आणि वळणावर चाक हाताचं ऐकत नाही. दोन वर्षं ती बापाशी भांडली, मग गप्प बसली. गिऱ्हाईकच हवा सोडा म्हणतं, तिथं कोणाकोणाशी भांडणार? तिनं मुकाट्यानं बत्तीस भरली.

तो निघाला नाही. हँडलवर हात ठेवून उभा राहिला.

"ह्या गाडीत खोट काय हाये, शोधून द्याल? अकोल्याच्या दोन मेकॅनिकांनी पाह्यली. म्हणतात, काहीच नाही."

"काहीच नसन तर चांगलंच की."

"नाही," तो म्हणाला. "काहीच नसन... तर मग खोट माह्यात हाये."

आणि मग, ओळख ना पाळख, त्यानं सांगितलं. मागच्या मे महिन्यात धाकट्या भावाची, सागरची, परीक्षा संपली. बुलढाण्याच्या होस्टेलवरून त्याला वडनेर भोलजीला घरी आणायचं होतं. पेट्यांत पुस्तकं कोंबलेली, मागे वळकटी बांधलेली, मध्ये सागर. राजूरच्या घाटात तिसऱ्या वळणावर हँडल दगडासारखं जड झालं. गाडी वळेचना, सरळ कठड्याकडे गेली. कुलदीपच्या गळ्याचं हाड मोडलं. सागर वीस वर्षांचा होता.

"आईनं एकदाच विचारलं," तो म्हणाला. "गाडी खराब होती, का तू? मी काहीच बोललो नाही. तवापासून ती माह्यासमोर ताट ठेवते, पण बोलत नाही."

सारिकाच्या हातात अजून मीटर होता. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तो असा पाहत होता, की...

"रविवारी आणा," ती म्हणाली. "पाहू."

पहिल्या रविवारी तिनं मागचा शॉकअप कडक केला; दोन माणसं आणि सामान घेऊन बसलं की तो पार खाली दबत होता. दुसऱ्या रविवारी पुढच्या शॉकअपचं तेल बदललं. पेट्यांत जड सामान तळाशी आणि पुढच्या अंगाला कसं ठेवायचं, ते दाखवलं. प्रत्येक कामानंतर तो कालव्यापर्यंत चक्कर मारून यायचा. येताना गाडी कशी झुकते हे ती डोळ्यांवर हात धरून पाहायची. नंतर नंतर गाडीच पाहायची असं नाही.

"काय वं पोरी," कडूबा बाजेवरूनच म्हणाला, "दर रविवारी ह्या गाडीचं इतकं काय बिघडते? का मेकॅनिकच बिघडून राह्यली?"

कुलदीप खाली पाहून हसला. वर्षभरात पहिल्यांदा, असं त्याचं त्यालाच वाटलं असावं, कारण लगेच ओठ मिटले.

पण प्रत्येक रविवारी पहिलं काम वेगळंच असायचं. तो माठाकडे पाणी प्यायला गेला की सारिका पुढच्या चाकाला मीटर लावायची. बावीस. आठवडाभरात त्यानं काळजीनं पुन्हा सोडलेली असायची. ती भरायची, टोपण लावायची, हात पुसायची. गाडी सुधारली ती कशानं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिसऱ्या रविवारी तिनं हँडलखालचा कोनसेट उघडला. त्यातल्या गोळ्यांवर हँडल फिरतं. तो केसभर सैल होता.

"हेच होतं का?" कुलदीपनं विचारलं.

"सैल तर होता," सारिका म्हणाली. त्यात एक शब्दही खोटा नव्हता.

तो तिथंच टायरच्या चळतीवर बसला.

पुढच्या रविवारी तो डबा घेऊन आला. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी आणि ठेचा.

"आईनं दिलं. बोलली ती माह्याशी." तो डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिला. "म्या सांगितलं, कोनसेट सैल होता. तर रडली, मग भाकरी थापाले बसली. विचारे, कोणी शोधलं? म्हटलं, एक पोरगी हाये. म्हणे, कशी हाये?"

"मग?"

"म्हटलं... बरी हाये."

"बरी?"

"गाडी बरी हाये म्हटलं."

"असं? मग भाकरी गाडीलेच चारा."

तो हसला, या वेळी ओठ न मिटता. सारिकानं एक घास घेतला. उरलेली भाकरी डब्यात परत ठेवली.

"एकदा त्या वळणावरून नीट जायचं हाये," तो हळूच म्हणाला. "तू मागं बसशील? मग तुह्या बाबांशी बोलतो."

पहिल्यांदाच तो तिला 'तू' म्हणाला होता.

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ते निघाले. निघताना चाकात बत्तीस होती. सारिकानंच भरली होती. गाडी पाण्यासारखी वळत होती. एका वळणावर तिचा हात त्याच्या खांद्यावर पडला आणि तिथंच राहिला. घाटाच्या पायथ्याशी, राजूरला, ते चहाला थांबले. दहाच वाजले होते, पण डांबर चकाकत होतं.

सारिका ओढणी तोंडाला बांधत होती. तिला फुस्स... असा आवाज ऐकू आला.

कुलदीप पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला होता. टोपण काढून, किल्लीच्या टोकानं पिन दाबून, मान कलती करून हवा ऐकत होता.

"काय करून राह्यला?"

"सोडतो थोडी. रस्ता तापला हाये. आज तू हायेस ना मागं."

किती जपून तो हे बोलला! सारिकानं तोंडावरची ओढणी खाली ओढली.

"सागर बसला होता... तवाबी सोडली होती?"

"हाव. होस्टेलच्या दारातच. त्याची लय काळजी—"

तो थांबला. तिच्या चेहऱ्याकडे पाहून थांबला. पिनेवरची किल्ली त्यानं काढून घेतली.

सारिका त्याच्यासमोर खाली बसली. तिनं आवाज चढवला नाही, रडलीही नाही. "कोनसेट केसभर सैल होता. तेवढ्यानं गाडी कठड्याकडं जात नाही. पेट्या भरलेल्या, दोघं बसलेले, आन् चाकात बावीस... तर हँडल जड होते. गाडी वळणाच्या बाहेर जाते."

"तुले कधीपासून माहीत हाये?"

"पह्यल्या दिवसापासून."

"मग सांगितलं काऊन नाही?"

"आधी तुह्या तोंडाकडं पाहून. मग... माह्यासाठी. सांगितलं असतं तर तू पुन्हा आला नसता. आन् हेबी ऐक. आमच्या पाटीवर हेच लिहिलं हाये. उन्हाळाभर रोज दहा गाड्यांची हवा आमीच सोडतो. मले माहीत असून."

टपरीवाल्यानं चहाचे ग्लास आणून ठेवले. दोघांनीही उचलले नाहीत.

"म्हंजे मीच," कुलदीप म्हणाला.

नाही म्हणायला तिची जीभ नुसती शिवशिवली. एका शब्दाचं काम होतं.

"तुले माहीत नव्हतं," ती म्हणाली. "पण हाव."

बऱ्याच वेळानं मोताळ्याकडे जाणारी एसटी आली. कुलदीपनं हात दाखवून ती थांबवली.

"तू जा."

"घरी काय सांगशील?"

"बत्तीस पाह्यजे होती, बावीस होती. मी ठेवली होती." त्याचा आवाज सपाट होता. "तिनं आत्ताच कुठं बोलणं सुरू केलं होतं."

ती पायरीवर चढली तेव्हा तो म्हणाला, "तू गप्प राह्यली असती तर आपलं लगन झालं असतं."

"माहीत हाये."

"सुखात राह्यलो असतो?"

"पुढच्या उन्हाळ्यापर्यंत," सारिका म्हणाली.

कंडक्टरनं घंटी मारली. तिनं खिडकीतून मागे पाहिलं. कुलदीपनं गाडी वळवली होती, पण तेवढ्या कमी हवेवर तो गाडीवर बसला नव्हता. हवा भरायचं दुकान आलेल्या वाटेवर दोन किलोमीटर मागे होतं आणि तो सव्वादोनशे किलोची ती गाडी भर उन्हात ढकलत निघाला होता. वाकलेला, एकटा.

"थांबवा," सारिका म्हणाली.

कंडक्टर करवादला, पण एसटी थांबली. ती उतरून परत चालत आली. मागे जाऊन तिनं दोन्ही पेट्यांवर तळहात टेकवले आणि जोर लावला. पत्रा चटके देत होता. गाडी हलकी झाल्याचं त्याला कळलं असणार, कारण त्याची पाठ क्षणभर ताठ झाली. मग पुन्हा वाकली. दोघं बरंच अंतर तसेच गेले.

"पुढं चढ हाये," तो वळून न पाहता म्हणाला.

"दिसून राह्यला," ती म्हणाली.