एक्केचाळीस नंबरची गाडी

पटत नसेल तर इथेच थांबा. मी गोष्टी रचणारा माणूस नाही. मका पिकवतो आणि लोकांच्या गाड्या दुरुस्त करतो.

पण हे खरं आहे. माझ्या बायकोच्या बाबतीत घडलंय... आणि मी बघत उभा होतो.

ऑगस्टमधला शनिवार. आयोवातलं आमचं जत्रेचं मैदान. संध्याकाळ होती, अंधारसुद्धा पडला नव्हता.

माझी बायको ट्वायला गेली सहा वर्षं तिथल्या मातीच्या ट्रॅकवर रेस करते. जुनी, ठोकून ठोकून उभी केलेली गाडी. नंबर सत्तावीस. तोवर एकदाही जिंकली नव्हती.

"काय ट्वायला, आजपण माझा बंपर बघत बसणार?" नव्वद नंबरवाल्या ब्रॅडीनं टोमणा मारला.

"मागच्या शनिवारी मी तोडला तोच ना? बसवलास का परत?"

सगळे हसले. मी तिचे पट्टे आवळले. खांदे, कंबर, मान, सगळं जखडून टाकायचं. मान वळत नाही. आमच्याकडे गाडीला आरसा लावू देत नाहीत, त्यामुळे मागचं काहीच दिसत नाही.

कानात फक्त एक छोटं यंत्र. वर मनोऱ्यात बसून रेस चालवणारा ड्वेन त्यातून सूचना देतो. ड्रायव्हरला ऐकू येतं, उलट बोलता येत नाही.

तसलंच एक यंत्र माझ्याही कानात होतं.

रेस सुरू झाली. थोड्याच वेळात एक गाडी गरकन फिरून आडवी झाली आणि पिवळे दिवे लागले. अशा वेळी सगळे वेग कमी करतात आणि ड्वेन सांगेल त्या क्रमानं एकामागे एक लागतात.

"बारा, साठ, सत्तावीस, नव्वद..." मी ऐकलं.

ट्वायलानं मात्र वेगळं ऐकलं होतं. मला ते नंतर कळलं.

"बारा, साठ, सत्तावीस... एक्केचाळीस... नव्वद."

त्या दिवशी एक्केचाळीस नंबरची गाडीच नव्हती.

मला एवढंच दिसलं की ट्वायलाच्या मागे ब्रॅडीनं जागा सोडली होती. एक गाडी मावेल एवढी.

"माझा पोरगा झोपला की काय?" शेजारी उभा असलेला ब्रॅडीचा बाप हँक वैतागला. "अरे, चिकट ना तिला!"

हिरवा दिवा लागला. ट्वायला सुटली ती अशी की मी तिला तशी चालवताना कधी पाहिलंच नव्हतं. साठला मागे टाकलं. मग बाराला.

ब्रॅडीही तिच्या मागोमाग दोघांच्या पुढे आला. पण मधली ती जागा... तशीच. वळणावरही तशीच.

झेंडा पडला. माझी बायको जिंकली!

मी टोपी हवेत भिरकावली. हँकनं माझ्या पाठीत धपका घातला.

एकेक गाडी बाहेर पडू लागली.

ट्वायला... थांबली नाही.

"सत्तावीस, रेस संपली. आत ये," ड्वेन म्हणाला.

ती पुढे गेली. पूर्ण वेगात.

"सत्तावीस, थांब... ट्वायला! अगं बाई, थांब!"

लाल झेंडा घेऊन माणूस कडेला धावला. ती त्याला जवळजवळ घासून गेली. बंद गाड्या ओढून नेणारा ट्रक आडवा लावला, तर त्यालाही वळसा घातला.

लोक आधी हसत होते. मग हसणं थांबलं.

मग मैदानात एकच आवाज उरला. तिच्या इंजिनचा.

मी कुंपण ओलांडलं. ती समोरून आली. गाडीच्या खिडकीच्या जाळीतून तिचा चेहरा दिसला.

तिनं मला पाहिलं. ती रडत होती.

आणि निघून गेली.

पुन्हा आली. पुन्हा गेली. मी हात हलवत होतो, ओरडत होतो. दुसरं काय करणार?

शेवटी पेट्रोल संपलं. पलीकडच्या वळणावर गाडी आचके देत थांबली.

मी धावलो. तिची बोटं स्टिअरिंगवरून सुटत नव्हती.

"लायल... मागे कोण आहे बघ."

मी पाहिलं. ओली माती. बाकी काही नाही.

पण तिचं इंजिन बंद होतं... आणि अगदी जवळ, माझ्या गुडघ्यापाशी म्हणावं इतक्या जवळ, एक इंजिन गुरगुरत होतं.

मग तेही थांबलं.

"ड्वेनच म्हणाला," ती सांगत होती. "थांबू नकोस, तो अजून तुझ्या मागे आहे. तू थांबलीस तर तो आत येईल."

ड्वेननं शपथेवर सांगितलं, "मी तिला फक्त थांब म्हणत होतो."

ब्रॅडीला मी त्या जागेबद्दल विचारलं.

"जागा कसली?" तो गोंधळला. "माझ्यापुढे एक्केचाळीस होती ना. कोण होता रे तो? बाहेर कधी पडला?"

मी जुन्या लोकांना विचारत फिरलो. त्या नंबरचा कुणी मेला होता का? नाही. ट्रॅकवर कधी कुणी मेलंच नाही.

कुणी मेलं असतं तर बरं वाटलं असतं.

गाडी विकायची ठरली. ट्वायला लगेच हो म्हणाली. मग शाळा सुरू झाल्या आणि ती पुन्हा मुलांची बस चालवायला लागली. पहिल्याच आठवड्यात घरी आली ती पांढरीफटक.

"गाडी विकू नकोस."

"वेड लागलंय का तुला?"

"तो बसच्या मागे येतो, लायल. आत मुलं असतात." ती खुर्चीत बसली. "त्या रेसनंतर आठवडाभर आला नव्हता. त्याला ट्रॅकवर नेलं तर येणार नाही."

मी गाडी विकली नाही.

आता दर शनिवारी मीच तिचे पट्टे आवळतो आणि कुंपणाला धरून उभा राहतो. टाकीत पेट्रोल बेताचंच घालतो. रेस संपली की गाडीला थांबावंच लागावं एवढंच.

परवाच्या शनिवारी टाकी कोरडी पडली आणि तिचं इंजिन बंद झालं. मी नंतर टाकी स्वतः उघडून पाहिली...

तरी गाडी त्यानंतर अजून दोन फेऱ्या फिरत होती.