शेवटी त्या दोघांचं काय होतं?

नवीन काय वाचावं म्हणून तुम्ही पोरं मघापासून एकमेकांचं डोकं खाताय. हा म्हणतो ती भुताची कादंबरी भारी आहे, ही म्हणते प्रेमकथा वाच, रडून रडून डोळे सुजतील. चांगलं आहे. पण जी पुस्तकं दुसऱ्याच्या गळ्यात मारताय, ती स्वतः वाचलीत का? पूर्ण? हसू नका. माझा एक मित्र असाच हसायचा. ते दार जरा लोटून घे, सांगतो.

भाड्याने पुस्तकं द्यायचं दुकान होतं त्याचं, बस थांब्याच्या मागे. भय, रहस्य, प्रेम, जे नवीन निघेल ते आधी त्याच्याकडे यायचं. आणि शिफारस करावी तर त्यानेच! काउंटरवर कोपर टेकायचा, आवाज खाली आणायचा आणि म्हणायचा, "ही न्या, पण घरात एकटे असाल तर नको हं." झालं. गिऱ्हाईक तीच घेऊन जायचं. आतली गोष्ट आम्हा दोघा-तिघांनाच ठाऊक होती. पठ्ठ्या मागच्या कव्हरावरचा मजकूर सोडला तर एक ओळ वाचत नसे. आम्ही त्याचं नावच मलपृष्ठ ठेवलं होतं.

त्याची सगळ्यात पक्की वाचक म्हणजे शिवणवाल्या मावशी. औषधाच्या दुकानाच्या वरच्या खोलीत एकट्या राहायच्या. दिवसभर शिलाई मशीन, रात्री कादंबरी. नवीन पुस्तक हातात घेतलं की एकच प्रश्न, "तू वाचलीस ना रे?"

"म्हणजे काय मावशी! दोनदा!"

त्याच्या शब्दावर त्या पुस्तक न्यायच्या. परत करायला आल्या की स्टुलावर बसून तासभर त्यावर बोलायच्या, आणि हा नुसता मान डोलवायचा. पुस्तकाबद्दल बोलायला त्यांना दुसरं कुणी नव्हतंच. मला राग येतो तो ह्याचाच.

पुढे मावशी आजारी पडल्या आणि हां हां म्हणता त्यांची नजर गेली. तेव्हा त्यांच्याकडे यानेच दिलेली एक नवी प्रेमकथा होती. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलेलं. औषधवाल्याने निरोप आणला, "मावशी म्हणतात, येऊन शेवट सांग. त्या दोघांचं काय होतं ते कळू दे एकदा."

आता जाऊन ते प्रकरण वाचून दाखवायचं, एवढंच काम. पण याला धास्ती. मावशी मधलं काही विचारतील, आपलं पितळ उघडं पडेल, गावभर होईल. "सांग त्यांना, उद्या येतो." पुन्हा निरोप आला. पुन्हा उद्या. तिसऱ्यांदा औषधवाला आला तो मावशी गेल्याचं सांगायलाच.

आठवड्याने हा मावशींच्या खोलीतलं आपलं पुस्तक आणायला निघाला. नोव्हेंबरातला गुरुवार, दुकान बंद केल्यावर सव्वानऊची वेळ. वादळ नाही, अंधार नाही. वर चांगला चंद्र होता, रस्त्यावर माणसं होती. औषधवाल्याने हिशेब करता करता किल्ली पुढे सरकवली. "जा वर. माझं आटपेपर्यंत ये."

जिना चढला. कुलूप काढलं. दिवा लावला, तर लागला. खोली अगदी नीटनेटकी. खिडकीपाशी मशीन. सुईत हिरवा दोरा ओवलेला, खाली कापड नाही. पलंगावर ती प्रेमकथा, आणि मावशींची नजर जिथे थांबली होती तिथे खुणेला कापडाची चिंधी.

काही झालं तरी बाईने त्याच्यावर भरवसा ठेवला होता. तो पुस्तक घेऊन पलंगाच्या कडेला बसला. तेव्हा जरी उघडून वाचलं असतं ना... पण सवय वाईट. काउंटरवर बोलायचा तसा बोलायला लागला.

"मावशी, शेवट एकदम झकास आहे हं. ते दोघं भेटतात."

टक.

त्याने वर बघितलं. मशीन जिथल्या तिथे होतं. उंदीर असेल, तो मनाशी म्हणाला.

"भेटतात, आणि... त्याला आपली चूक कळते."

टक. टक.

सुई हलली होती. त्याने पाहिलं. खाली गेली, वर आली. मशीनचं चाक किंचित फिरून थांबलं.

पळावं की नाही? पाय उचलेनात. आणि माणूस घाबरला की जे येतं तेच करतो. याला थापा मारता यायच्या.

"मग... लग्न होतं. मोठं घर घेतात..."

टक टक टक टक.

मशीनची पायाने चालवायची फळी आपोआप हलत होती. वर, खाली. वर, खाली. रीळ फिरत होतं. हिरवा दोरा सुटत होता. सुईखाली काहीच नव्हतं... तरी दोरा कुठेतरी जात होता.

"मावशी..."

थांबलं.

"मी दोनदा वाचलीय, मावशी. खरंच..."

मशीन असं सुटलं की खिडकीची काच थरथरली. त्याने पुस्तक छातीशी आवळलं. डोळे मिटले. रडायलाच लागला.

"नाही वाचली! एकही नाही वाचली, मावशी. तुमची एकही नाही..."

गप्प.

सगळं गप्प.

कुणी रागावलं नाही. कुणी काही म्हणालं नाही. तेच त्याला सोसवेना. तो उठला, भिंतीला धरून दारापर्यंत आला. दिवा तसाच, कुलूप तसंच उघडं. धडपडत खाली.

औषधवाला शटर ओढत होता. त्याच्याकडे न बघताच म्हणाला, "काय रे, एवढा वेळ मशीन कशाला चालवत होतास?"

...

याने किल्ली दिली आणि तडक माझ्याकडे आला. घामाने चिंब, पुस्तक तसंच छातीशी. मी पाणी दिलं. दोन घोट घेतल्यावर त्याने सगळं सांगितलं, अगदी लहान मुलासारखं. मग म्हणाला, "मी आत्ता ते प्रकरण वाचतो. उद्या दिवसाउजेडी वर जातो आणि मावशींना मोठ्याने वाचून दाखवतो. तू येशील ना बरोबर?"

मी म्हटलं, "येतो. आधी वाच तर."

त्याने चिंधीच्या खुणेपाशी पुस्तक उघडलं. पुढचं पान उलटायला गेला. उलटेना. त्याने जरा ओढलं. मग नुसता बघत राहिला, आणि पुस्तक माझ्याकडे सरकवलं.

शेवटचं प्रकरण कडेकडेने शिवलेलं होतं. सगळी पानं एकत्र. बारीक, सरळ, एकसारखे टाके. त्या हातचे कपडे आम्ही अंगावर घातलेले, ती शिवण आम्हाला ओळखू येणार नाही? पुस्तक तर पलंगावरून उचललं तेव्हापासून त्याच्या हातातच होतं.

दोन बाजू पुऱ्या झाल्या होत्या. तिसरी बोटभर राहिली होती. याने खरं सांगितलं तिथे शिवण थांबलेली, आणि हिरवा दोरा लोंबत होता.

कापलेला नव्हता.