बिनअपघाती रविवार

“काका, हात न टेकता उठा, तीन मीटर चाला, वळा आणि परत येऊन बसा.” फॉर्ममधून डोकं वर न काढताच डॉ. सुमेधाने स्टॉपवॉच दाबलं.

काका उठले, चालले, बसले.

“सहा सेकंद. वयाच्या मानानं उत्तम... वय किती?”

“बत्तीस.”

तिने वर पाहिलं. एक उंच तरुण आज्ञाधारकपणे मांडीवर हात ठेवून बसला होता, आणि ज्यांची खरी पाळी होती ते त्याचे वडील उद्धवराव शेजारी उभे राहून मिशीत हसत होते. सुमेधा कानापर्यंत लाल झाली. वृद्धांच्या आजारांवर संशोधन करणाऱ्या डॉक्टरला म्हातारा आणि तरुण ओळखता येऊ नये, म्हणजे कमालच!

चिंचवडच्या विरंगुळा केंद्रात दर रविवारी सकाळी तिचा अभ्यास चाले. कारखान्यांतून निवृत्त झालेले कामगार सहा महिन्यांत किती वेळा पडतात, हे तिला मोजायचं होतं. उद्धवराव मूळचे लातूरकडचे, तीस वर्षं तापलेलं लोखंड ठोकणाऱ्या फोर्जिंगच्या कंपनीत राबलेले. मुलगा समर्थ चाकणच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. वडिलांना सोडायला येणारा समर्थ हळूहळू खुर्च्या मांडू लागला, मग चहा आणू लागला, मग टपरीवाल्याला आलं जास्त टाकायला सांगू लागला... कारण डॉक्टरांना आवडतं.

“रविवारी तुम्हाला दुसरं काही काम नसतं?” तिने एकदा विचारलं.

“असतं ना. हेच.”

तिने हसू लपवायला फॉर्म चाळले.

जुलैत एकदा चहाचा कप उचलताना उद्धवरावांची बाही वर सरकली. कोपरावर हिरवा-निळा डाग होता. सुमेधाने तो पाहिला. नेहमीप्रमाणे तिने हॉलभर विचारलं, “या महिन्यात कोणी पडलं का?” सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या, आणि तिनेही पान उलटलं. आकडे इतके छान येत होते! शिवाय खोदून विचारलं असतं तर समर्थ अवघडला असता, आणि तो अवघडलेला तिला नको होता.

ऑगस्टमध्ये तिचा पहिल्या आकड्यांवरचा शोधनिबंध स्वीकारला गेला. ती पेढे घेऊन आली. “या पट्ट्यातले निवृत्त कामगार फार कमी पडतात,” तिने जाहीर केलं. टाळ्या वाजल्या. समर्थने मात्र पेढा हातातच धरला होता.

बाहेर पावसाची भुरभुर चालू होती. पायऱ्यांवर त्याने तिला गाठलं.

“बाबा तीनदा पडलेत. दोनदा बाथरूममध्ये.”

“पण ते तर...”

“त्यांच्या कंपनीच्या गेटवर बोर्ड असायचा. अपघात न होता किती दिवस गेले, त्याचा. एक जण पडला की बोर्ड शून्यावर, आणि सगळ्या शॉपची, म्हणजे अख्ख्या खात्याची, दिवाळीची भेट गेली. त्यामुळे पडलेला माणूस कपडे झटकून कामाला लागायचा. तुम्ही विचारलंत ते त्याच शॉपच्या दोस्तांसमोर. कोण बोलणार?”

“तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?”

“पहिल्या रविवारपासून.” तो खाली बघत होता. “बाबांनी शपथ घातली होती... आणि खरं कळलं तर अभ्यास बंद पडेल, मग तुम्ही भेटणार नाही, असं वाटलं. हे दुसरं कारण जास्त मोठं होतं.”

“सेफ्टी ऑफिसर ना तुम्ही? वडिलांचं हाड मोडलं असतं म्हणजे? लाज वाटायला हवी.”

“वाटते,” तो म्हणाला.

इतकं सरळ म्हणाला की जुलैतला तो रविवार तिच्या डोळ्यांपुढे आला. तो डाग तिनेही पाहिला होता. त्याची लाज काढताना आपण किती साळसूदपणे उभ्या होतो, हे आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्याच दिवशी तिने निबंध मागे घेतला. “तयारी धरून दोन वर्षं पाण्यात,” विभागप्रमुख म्हणाले. तेही तिने गिळलं. पण पुढचे चार रविवार समर्थ वडिलांना फाटकाशी सोडून परस्पर निघून जात राहिला, ते गिळवेना.

पाचव्या रविवारी ती हॉलमध्ये उभी राहिली. “चूक माझी आहे. ही चारचौघांत विचारायची गोष्ट नव्हती.” मग शेजारच्या खोलीत तिने एकेकाला बोलावलं. उद्धवराव दार लावून म्हणाले, “चारदा, बाई. तीन पोराला माहीत हायत.”

त्यांना न्यायला समर्थ आला, तेव्हा ती फाटकाशीच उभी होती.

“जुलैत मी तुमच्या बाबांच्या कोपरावरचा डाग पाहिला होता,” ती एका दमात म्हणाली. “विचारलं नाही. आणि तुमच्यावर ओरडले.”

त्याने विचारलं, “मग ओरडलात कशाला?”

“स्वतःची लाज वाटली की मी दुसऱ्यावर ओरडते.”

“आणि आत्ता?”

“आत्ता नुसतीच लाज वाटतेय.” तिचे डोळे भरून आले. “आणि तुम्ही जाऊ नये असं वाटतंय... दर रविवारी वाटतं.”

“मला तर सोमवारपासूनच वाटायला लागतं,” समर्थ हळूच म्हणाला.

मागे उद्धवराव एकटेच पायऱ्या उतरू लागले होते. दोघांचंही लक्ष एकदमच गेलं. दोघंही धावली आणि एकेका बाजूने त्यांनी म्हाताऱ्याचे हात धरले.

“सोडा की,” उद्धवराव पुटपुटले. हॉलच्या दारात सगळं शॉप जमलं होतं. “लोक बघायलेत.”

“बघू देत, बाबा,” सुमेधा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, आणि तिने त्यांचा हात आणखी घट्ट धरला.