चार ठसे, व्यक्ती एक

मंगळवारी दुपारी दोन वाजता समृद्धी डोंबिवलीतल्या एका खाजगी इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर, मांडीवर लॅपटॉप घेऊन मामाचं काम करत बसली होती. समोरच्या काचेच्या दारापलीकडे अतिदक्षता विभाग होता. तिथे तिची आई, दर्शना, चार दिवस बेशुद्ध पडून होती. मेंदूत रक्तस्राव झाला होता. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, आणि डॉक्टरांचं रोजचं एकच उत्तर, “बघूया.” भेटायची वेळ चार ते पाच. तोवर भिंतीकडे बघत बसलं तर डोकं फिरेल, म्हणून तिने हे काम हाती घेतलं होतं.

काम तसं साधंच. शीळफाट्याजवळच्या गावात काळुराममामांची वडिलोपार्जित जमीन होती. त्यातला मोठा तुकडा रस्त्यात गेला आणि भरपाईसाठी वारसांची कागदपत्रं गोळा करायची वेळ आली. मामांनी आपल्या मुलाला, धनेशला, ऑनलाइन फोल्डर उघडायला लावलं. त्याने ते असं उघडलं की लिंक मिळेल त्याला सगळं दिसावं, आणि लिंक टाकली त्र्याऐंशी जणांच्या भावकीच्या ग्रुपवर. आधारकार्डं, पासबुकं, कुणाचे मधुमेहाचे रिपोर्ट, कुणाच्या घटस्फोटाचे कागद, सगळं उघड्यावर.

“मामा, अंगावरचे कपडे काढून नाक्यावर उभं राहावं तसं केलंय तुम्ही!” ती फोनवर ओरडली होती.

“मग झाक ना गो बाय,” मामा म्हणाले होते. “त्याचाच पगार मिलतो ना तुला?”

ते खरंच होतं. वागळे इस्टेटमधल्या तिच्या कंपनीचा धंदाच तो. लोकांनी ऑनलाइन ठेवलेल्या फायलींमधून एक प्रोग्रॅम फिरवायचा. तो प्रत्येक फाइल वाचतो, स्कॅन केलेले फोटोसुद्धा. आधार क्रमांक, खाते क्रमांक, आजार, बोटांचे ठसे, जे जे परक्याच्या हाती पडू नये ते शोधतो. मग कुठली माहिती कुठल्या माणसाची ते जुळवतो आणि त्या माणसाच्या नावापुढे लाल खूण करतो.

चारशे फायली होत्या. वीस मिनिटांत सगळ्या तपासून झाल्या. नावांची यादी सरकत गेली आणि अगदी तळाला एक ओळ आली.

बोटांचे ठसे: चार. व्यक्ती: एक. नाव: ठरवता आलं नाही.

तिने त्या फायली एकेक करून उघडायला घेतल्या आणि तिचं रक्त उसळलं. हक्कसोडपत्रं होती ती. घरच्या मुलींनी जमिनीवरचा हक्क भावांसाठी राजीखुशीने सोडल्याचे कागद. पहिला बामीआत्याचा, म्हणजे मामांच्या आत्याचा, पिवळा पडलेला, हाताने लिहिलेला. दुसरा पोशीआत्याचा, तिच्या धाकट्या बहिणीचा. तिसरा तुळसामावशीचा, आईच्या थोरल्या बहिणीचा. तुळसामावशी बालवाडीत शिकवायची, फळ्यावर मोत्यासारखं अक्षर काढायची. तिला सहीऐवजी अंगठा उमटवायची वेळ का यावी? समृद्धीने तारीख पाहिली. मावशी गेली तो दिवस. तिला तो नीट आठवत होता, दुसऱ्या दिवशी तिचा दहावीचा पेपर होता.

म्हणजे कुणीतरी एकानेच स्वतःचा अंगठा या बायकांच्या नावावर मारला होता. तीन-तीन मेलेल्या बायकांच्या! अशी चोरी पकडली की ऑफिसात ती टाळी मागायची.

मग तिने चौथी फाइल उघडली. नाव तिच्या आईचं होतं. तारीख आजची.

ठसा मात्र पुसट होता, ओल्या बोटाने काचेवर उमटावा तसा. प्रोग्रॅमने बाजूला लिहिलं होतं, खात्री अडतीस टक्के.

आईने बारा वर्षं या कागदाला हात लावला नव्हता. “मला शेती करायची नाही दादा, पण सोड म्हणणारे तुम्ही कोण?” एवढंच ती म्हणायची. त्यापायी माहेर तुटलं, भाऊबीज बंद झाली. ती गेली तर तिचा वाटा समृद्धीकडे येणार, आणि समृद्धी सही करणार नाही हे मामांना पुरतं ठाऊक होतं. आईचा अंगठा त्यांना आत्ताच हवा होता.

तिने काचेचं दार ढकललं. आतली प्रीतीसिस्टर पुढे आली. “अगं, चार वाजता ना?”

“सिस्टर, एक मिनिट. फक्त हात बघू दे तिचा.”

तिच्या चेहऱ्याकडे पाहून सिस्टर बाजूला झाली. आईचे दोन्ही अंगठे स्वच्छ होते. शाईचा ठिपकाही नव्हता. पण आईचा श्वास सकाळपेक्षा उथळ झाला होता. फिनेलच्या वासाखालून आणखी एक वास येत होता, भरती ओसरल्यावर खाजणातल्या चिखलाला येतो तसा, खारट आणि कुजका.

“सकाळपासून कुणी आलेलं?”

“कुणी नाही. आणि हा वास कसला गं? दोनदा पुसून घेतलंय मी.”

बाहेर येऊन तिने धनेशला फोन लावला. “काय अपलोड केलंस आज?”

“आज? काहीच नाय यार. मी कल्याणला आलेलो, स्टॅम्प पेपर घ्यायला. लाईनीत उभा राहून वाट लागलीय गर्मीने.”

“खोटं बोलू नकोस. आईच्या नावाचा कागद दिसतोय मला समोर.”

“अगं समू, कागद घेतलाच नाय अजून! आमचे अप्पा बोलले आण, म्हणून आलो. थांब, नंबर आला माझा.” पलीकडे नोटा सरकल्याचा, कुणीतरी खोकल्याचा आवाज आला. “हां, मिळाला. बोल आता.”

“त्याच्यावरचा नंबर वाच.”

“कशाला?”

“वाच, धनेश.”

तो एकेक आकडा वाचत गेला आणि ती पडद्यावर एकेका आकड्याखालून बोट फिरवत गेली. सगळे जुळले. शेवटचा आकडाही.

“समू... हॅलो? काय झालं?”

“आणू नकोस तो इकडे,” ती पुटपुटली. “हातात ठेव. हलू नकोस तिथून.”

तिने फाइल पुसून टाकली आणि प्रोग्रॅम पुन्हा फिरवला. ठसे: चार. व्यक्ती: एक. फाइल जागच्या जागी होती. ठसा आता गडद होता, रेषा मोजता याव्यात इतका. खात्री चौसष्ट टक्के. आतून आईच्या यंत्राचा आवाज येत होता. तो मघापेक्षा सावकाश झाला होता, की तिला तसं वाटत होतं?

साडेतीनला काळुराममामा आले. पांढरा सदरा, घामाने भिजलेली टोपी. वरच्या खिशातून शाईच्या डबीची कड दिसत होती.

“कशी हाय दर्शना?”

“डबी घेऊन विचारताय? लाज वाटत नाही?”

“पोरी, आवाज खाली. मोठ्यांशी बोलायची ही रीत नाय.”

“मोठे कसले! अंगठा द्या इकडे.” तिने त्यांचा हात पकडला, अंगठ्याला त्यांचीच शाई लावली, कागदावर उमटवून फोटो काढला. मामा इतके चकित झाले की हात सोडवायचंही विसरले. ती दात आवळून वाट बघत होती. आता पकडते म्हाताऱ्याला.

उत्तर आलं. जुळत नाही.

“मग कुणाचा आहे हा?” तिचा आवाज चिरकला. “तिन्ही कागदांवर कुणाचा अंगठा मारलात?”

“ज्याचा त्याचा.” मामा बाकावर टेकले. “तुळसाचा हात मीच धरलेला. गेल्यावर. खोटं कशाला बोलू... सगळेच करतात गो. पोशीआत्याचाही तसाच. मीच धरलेला.”

“हे तिन्ही ठसे एकाच माणसाचे आहेत, मामा.”

मामांनी मान वर केली. तोंडातली सुपारी चघळणं थांबलं.

“कंचे तिन्ही?”

“तिन्ही. आणि चौथाही.”

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग इतक्या हळू बोलले, की तिला वाकावं लागलं. “बामीआत्या मिठागरात कामाला होती. जिती असताना कागदाला नाय बोलली, मरताना पण नायच बोलली. खाजणात पडली, तशीच घरी आणली. बाबा सांगायचा... हात धुवायला पण थांबलो नाय. चिखलाचाच अंगठा घेतला.” त्यांनी शाईचा अंगठा सदऱ्याला पुसला. “तुळसाच्या बोटाला मी शाई लावलेली. निळी. कागदावर उठलं ते तपकिरी. मला वाटलं, शाई जुनी झाली...”

समृद्धीने पडद्याकडे पाहिलं. आईच्या नावाखालचा ठसा तपकिरी होता. तिने प्रोग्रॅम फिरवला नव्हता, तरी आकडा बदलला होता. एक्क्याऐंशी.

दार उघडून प्रीतीसिस्टर धावत बाहेर आली, डॉक्टरांना हाका मारत पुढे गेली. समृद्धी आत घुसली. यंत्रावरची रेघ सपाट व्हायला टेकली होती. वासाने श्वास घेवत नव्हता. तिने आईचा उजवा अंगठा आपल्या मुठीत घट्ट आवळला. तो ओला होता आणि बर्फासारखा गार. कुणीतरी पलीकडून तो ओढतंय असं तिला वाटलं, सावकाश, सवयीच्या हाताने.

“धनेश!” तिने दुसऱ्या हाताने फोन लावून कानाशी धरला. “फाड तो कागद. आत्ता. तुकडे कर.”

“अप्पा मारतील मला...”

“आई मरतेय माझी! फाड, मी पाया पडते तुझ्या, फाड!”

कागद फाटल्याचा आवाज आला. मग आणखी एकदा. मग कितीतरी वेळा. “फाडला,” धनेश धापा टाकत म्हणाला. “गटारात टाकला. समू, तू रडतेस काय?”

अंगठ्याची ओढ एकदम सुटली. डॉक्टर आले, तिला बाजूला सारलं, इंजेक्शन दिलं. रेघ उठली, पडली, पुन्हा उठली आणि नेमाने उठत राहिली. वास नव्हता. समृद्धी पलंगाच्या पायाशी जमिनीवरच बसली आणि तोंडात ओढणी कोंबून रडली.

साडेचारला तिने लॅपटॉप आत मागवून घेतला. ठसे: तीन. चौथी फाइल नव्हतीच, कचऱ्याच्या डब्यातही नव्हती. दाराशी मामा हात जोडून उभे होते. “जगली,” ते एवढंच म्हणत होते, “दर्शना जगली गो.” पहिल्यांदाच तिला त्यांचा राग आला नाही. तिने संपूर्ण फोल्डरला कुलूप लावलं आणि फक्त स्वतःपुरतं उघडं ठेवलं.

पाचला पाच मिनिटं असताना आईच्या पापण्या हलल्या. सिस्टरने मास्क बाजूला केला. “ताई, ओळखता का? कोण आलंय बघा.”

आईचे डोळे छतावरून खाली आले, समृद्धीच्या चेहऱ्यावरून ओळख न देता फिरले आणि दाराशी उभ्या मामांवर येऊन थांबले. ओठ हलले. आवाज आईचाच होता, पण ही गावाकडची जुनी बोली आईच्या तोंडून समृद्धीने कधी ऐकली नव्हती.

“माजा कागुद कनी फारला?”

कागद फाटला होता कल्याणमध्ये. समृद्धी फोनवर ओरडली तेव्हा आई बेशुद्ध होती. ऐकू आलं असेल फोनवरचं, समृद्धीने स्वतःला सांगितलं, बेशुद्धीतही माणसाला ऐकू येतं म्हणतात. “बामीआत्या...” दाराशी मामा पुटपुटले.

“आई... मी आहे. समू.”

आईने समृद्धीचा हात ओढून घेतला, तळवा उलटून चादरीवर सपाट पसरला, कागदाची सुरकुती काढावी तसा हळुवार चोळला, आणि खालच्या कोपऱ्यात आपला अंगठा दाबून धरला. मग उचलला. तळव्यावर काही उमटलं नव्हतं. तिने मान तिरकी करून ते पाहिलं आणि शांतपणे समृद्धीचा दुसरा हात मागितला.