पोट भरलेली काराशाश

"मादी पुन्हा उठली," दुर्बिणीला डोळा लावूनच अक्बोता म्हणाली. "पिल्लू उघडं पडलंय."

शाळेला सुट्टी लागली होती, पण अल्ताईच्या त्या दरीत वारा अजून बर्फावरूनच येत होता. समोरच्या कड्यावरच्या घरट्यात सोनगरुडाचं एकच पिल्लू होतं, पांढऱ्या लवेतलं. आईची ऊब मिळाली नाही, तर ते गारठून मरणार होतं.

रायखानमावशी कित्येक वर्षं या खोऱ्यातली घरटी दुरून अभ्यासत होती. ही मादी काराशाश. अक्बोताच्या आजोबांनी तिला शिकारीसाठी शिकवलं होतं आणि रिवाजाप्रमाणे मेंढी खाऊ घालून पुन्हा मोकळं सोडलं होतं. माणसाळलेला गरुड पिल्लं वाढवू शकत नसावा, असं मावशीला आता वाटू लागलं होतं.

"रोज त्याच टेकडीमागे जाते," चुलतभाऊ झांदोस म्हणाला. "तिकडे माहेर आहे का तिचं?"

दोघांनी घोडे टेकडीमागे काढले. तिथे तिलेककाकाचा पर्यटकांचा तळ होता. काका सशाचं कातडं हलवत गरुडाला बोलावायची आजोबांची हाक हुबेहूब काढत होता आणि काराशाश त्याच्या हातावर उतरत होती! अक्बोताने त्याला पिल्लाबद्दल सांगितलं. काका हसला. थोड्या वेळाने काही बिघडत नाही, म्हणाला. उद्या तर मोठा गट यायचा होता.

आजोबा दूरच्या कुरणावर होते. मावशीने त्यांना निरोप धाडला, पण ते पोचेपर्यंत उद्याची संध्याकाळ होणार होती.

"गरुड हाकेला कधी येतो रे?" अक्बोताने विचारलं.

"भुकेला असला की. म्हणून तर आजोबा शिकारीआधी त्याला कमी खायला देतात." झांदोस थबकला. "अगं, आपल्या तंबूमागे एक मेलेलं कोकरू पडलंय!"

उजाडताच त्यांनी ते कोकरू, जिथून आजोबांनी काराशाशला सोडलं होतं, त्या सपाट खडकावर नेऊन ठेवलं आणि दोघं लांब जाऊन दगडाआड दडली. काराशाश घरट्यातून हलेना. तळाकडे गाड्या येऊन थांबल्याचा आवाज आला. अखेर ती झेपावली आणि गळ्याची पिशवी फुगेपर्यंत खात राहिली.

तेवढ्यात हाक आली.

ती उडाली. तळावर एक घिरटी घातली.

"गेली," झांदोस पुटपुटला.

पण काराशाश वळली, घरट्यात बसली आणि तिने पिल्लावर पंख पसरले. पलीकडे काकाचा घसा बसेपर्यंत हाका चालू होत्या. गरुड बहिरा आहे का, असं एका पाहुण्याने विचारल्याचं नंतर कळलं.

संध्याकाळी आजोबा आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"हाक माझी होती, तिलेक," ते म्हणाले. "तिला सोडलं, त्या दिवशी मी ती हाकही सोडली होती. तू ती परत उचललीस."

मावशीने आपली शंका चुकीची होती, हे सगळ्यांसमोर कबूल केलं. आजोबांनी दोन्ही मुलांना जवळ बसवलं.

"या घरात गरुड ओळखणारी माणसं अजून आहेत," ते म्हणाले आणि आशीर्वादासाठी त्यांनी तळहात उघडले. रिवाजाप्रमाणे सगळ्यांनीच उघडले, तिलेककाकानेही.

"पिल्लाला पंख फुटोत. आणि आपल्यापैकी कुणाचीही हाक त्याला कधी कळू नये."