डाव्या पिळाचं सूत

चहात घालायला पुदिना निवडता निवडता सासूनं तूदाला सांगितलं, "वर जा आणि पोत्यातली थोडी लोकर घेऊन ये. माझ्या गुडघ्यांना तो जिना मानवत नाही." मग, आत्ताच आठवल्यासारखं, पुदिन्याकडेच बघत ती म्हणाली, "आणि वर बसू नकोस."

तूदा या घरात नवी होती. नव्या सुनेला जो एक शब्द सगळ्यात आधी शिकावा लागतो तो ती चांगलाच शिकली होती.

"हो, लल्ला," सासूला मानानं हाक मारत ती म्हणाली, आणि शालीखाली टकळी आणि विणकामाची पिशवी लपवून जिना चढली.

बाहेर ॲटलसचे डोंगर बर्फानं पुसून टाकले होते. तिचा नवरा बासू थोरल्या भावाबरोबर मेंढरं घेऊन खालच्या कुरणांत गेला होता, आणि खिंड मोकळी होईपर्यंत परतणार नव्हता. तोवर या घरात तिघीच. चुलीशी सासू राब्हा, दाराशी थोरली जाऊ इत्तो, आणि दोघींच्या मध्ये कुठे बसावं हे न कळलेली तूदा. इत्तो कामाला वाघीण होती. पीठ मळायची, पाणी आणायची, शेळीची धार काढायची. पण काम संपलं की तिचे हात मांडीवर पालथे पडायचे, आणि कुणीतरी विसरून गेलेल्या वस्तूंसारखे तिथेच राहायचे. लोकरीला ती बोटसुद्धा लावत नसे. दळणवळणच थांबलेल्या या दिवसांत, जिथे घरोघरी बायका सूत काढत बसतात, तिथे हे तूदाला विचित्र वाटायचं. पण नवी सून विचारत नाही, बघते.

वरची खोली तिला फार आवडली. खिडकीतून बर्फाचा उजेड आत येत होता, स्वच्छ, सावली न पाडणारा. कोपऱ्यात लोकरीची पोती, आणि सगळीकडे मेंढीच्या चरबीचा तो ओशट, उबदार वास. समोरच्या भिंतीत एक रिकामा कोनाडा होता. त्याच्या शेजारी तसेच दोन कोनाडे मातीनं लिंपून बंद केलेले. लिंपणारीच्या बोटांचे वळ मातीत तसेच राहिले होते.

पोतं उघडायचं सोडून तूदा खाली बसली. मांडीवर टकळीला एक झटका दिला, आणि टकळी भुर्रर्र करत फिरायला लागली. पिशवीतल्या, पिंजलेल्या लोकरीच्या पेळूतून सूत निघू लागलं. याच्यासारखं दुसरं सुख तिला माहीत नव्हतं. बोटांच्या चिमटीत आधी नुसता ढग असतो, आणि बघता बघता त्याचा धागा होतो. मग तिनं पिशवीतून अर्धा मोजा काढला. सायकलचे स्पोक दगडावर घासून तिच्या बापानं केलेल्या त्या सुया. बाप मेंढपाळ, मुलगा नाही, म्हणून कुरणात बसून त्यानं मुलीलाच विणायला शिकवलं होतं. या गावात बायका कातत, मागावर घोंगडी विणत. सुया मात्र पुरुषांच्या.

"बाई मोजे विणते!" पहिल्याच आठवड्यात सासूनं शेजारणीला ऐकवलं होतं. "उद्या दाढी यायची हिला. बासूचा वस्तरा लपवून ठेवा गं."

तूदा तेव्हाही "हो, लल्ला" म्हणाली होती. शेजारीण हसून हसून लोळली होती.

ती विणत राहिली. बर्फामुळे गावाचा कसलाच आवाज येत नव्हता. म्हणूनच तिच्या ध्यानात आलं की टकळी अजून वाजते आहे. भुर्रर्र... थांबून... भुर्रर्र. तिनं बाजूला पाहिलं. तिची टकळी जमिनीवर आडवी पडली होती. स्वस्थ.

आवाज भिंतीतून येत होता.

उंदीर असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. उंदीर सूत काढत नाहीत हे माहीत असूनही सांगितलं. मग नुकतंच काढलेलं सूत उचललं आणि नेहमीच्या सवयीनं चिमटीत फिरवून घट्ट करायला गेली. ते घट्ट होईना. उलट उकलायला लागलं. तिनं खिडकीशी धरून पाहिलं. सगळं सूत, टकळीवरचं आणि पिशवीतल्या सुताच्या गुंड्यावरचंही, डाव्या पिळाचं झालं होतं.

लहानपणापासून तिनं डावा पीळ कधीच दिला नव्हता. कोणीच देत नसे. डाव्या पिळाचं सूत गावात एकाच कामाला लागतं. कफन शिवायला.

*

"बसलीसच ना तिथे," तिचा चेहरा पाहून सासू म्हणाली. रागावून नाही. दमून. "दाखव."

तूदानं सूत पुढे केलं. राब्हानं हात लावला नाही. इत्तोनं एकदा पाहिलं आणि मान वळवली.

"यामना," राब्हा म्हणाली. "माझ्या सासऱ्यांची बहीण. लग्न झालं नाही तिचं. वरच्या खोलीत बसून दिवसभर कातायची, अगदी तुझ्यासारखी. कातता कातताच गेली. हातात टकळी, धागा अर्धा."

"मग?"

"मग काय! अशा बाईचा धागा तोडायचा नसतो. कुणीतरी शेजारी बसून तो पेळू संपेपर्यंत कातायचा असतो, मग मयत उचलायचं. पण त्या दिवशी असंच बर्फ होतं. माझ्या सासूला घाई झाली. तोडला तिनं. आणि डाव्या पिळाचं सूत घरात सापडेना, म्हणून तोच धागा सुईत ओवला."

तूदानं हातातल्या सुताकडे पाहिलं. "उजव्या पिळाचा? कफनाला?"

"जित्या पिळाचा," राब्हा पुटपुटली. "तेव्हापासून ती बसलीय वर... पीळ फिरवत. या घरातल्या सुनेनं सूत काढलं की ते उलटं करते. नाही ऐकलं तर अंगावरच्या कपड्यांपर्यंत येते. त्यावर उपाय एकच. सुनेनं आपली टकळी तिला द्यायची. कोनाड्यात ठेवायची, लिंपून टाकायचं, पुन्हा लोकरीला हात लावायचा नाही. मी दिली. इत्तोनं दिली. मग ती गप्प बसते."

"आणि तुमचं काय होतं?"

इत्तो पहिल्यांदाच बोलली, मांडीवरच्या हातांकडे बघत.

"काही नाही होत. दिवस मोठे होतात."

"उद्या दुपारी लिंपायला मातीचा गारा मळते," राब्हा म्हणाली. "सुयापण ठेव आत. एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

तूदाच्या ओठांवर तो एक शब्द आला होता. सवयीनं आलाच होता. तिनं तो गिळला.

"नाही, लल्ला."



*

दुसऱ्या दिवशी सासू अंगणात माती कालवत असताना तूदा वर गेली. चोरून नाही. जिन्यावर मुद्दाम पाय आपटत गेली. कोनाड्यासमोर बसली, विणकाम मांडीवर घेतलं.

"या," ती भिंतीला म्हणाली. मग तिनं आवाज चढवून पुन्हा म्हटलं. "या, आत्याबाई."

मग ओल्या लोकरीचा वास आला, आणि त्याच्याखाली दुसरा, मातीखाली राहिलेल्या कापडासारखा. भुर्रर्र... अगदी जवळ.

तिच्या मांडीवरचं सूत हललं. ते तिच्या डोळ्यांदेखत फिरत होतं, हळूहळू उकलत. मधल्या एका क्षणी त्यात पीळच उरला नाही. नुसते केस, फुंकर मारली तर उडून जातील असे. तूदाच्या छातीतही काहीतरी तसंच सैल झालं. श्वास कुठे धरायचा ते कळेना. मग पीळ दुसऱ्या बाजूनं चढला, आणि सुताबरोबर तो मोज्यात शिरला. टिक... एक टाका सुटला. टिक... दुसरा. बापानं शिकवलेली ती टाच, जी तिनं चारदा उसवून मनासारखी केली होती, ती खालून विरघळायला लागली.

भीतीच्या जागी तिला राग आला. आणि राग आला तेव्हा बरं वाटलं.

"माझा मोजा सोडा!" ती ओरडली. "तुमचा धागा मी तोडला का? तेव्हा माझी आईसुद्धा जन्मली नव्हती. दोन सुनांचे हात घेतलेत. त्यानं कफन सुधारलं का तुमचं?"

टिक टिक थांबली.

"कातायचीच हौस आहे ना? मग काता की. कोण अडवतंय? हा घ्या पेळू." तिनं पिंजलेल्या लोकरीचा पेळू उचलून कोनाड्यात ठेवला. "पण माझ्या हातातलं घ्यायचं नाही. कातायचं तुम्ही. विणणार मी."

कोनाड्यात पेळूशिवाय काहीच नव्हतं. पाठीमागची माती दिसत होती. तरी पेळू हलला, एका टोकाकडून बारीक होत गेला, आणि डाव्या पिळाचा एक धागा कोनाड्याच्या काठावरून खाली उतरला. तिच्या मनगटापाशी येऊन थांबला. बर्फासारखा गार.

तूदानं तो उचलला. आपल्या उजव्या पिळाच्या धाग्याला जोडून धरला आणि सुटलेले टाके सुईवर घेऊन विणायला लागली. बोटं बधिर झाली. गारठा कोपरापर्यंत चढला. धागा मध्येच आत ओढला जायचा. ती तसाच खेचून घ्यायची. सुलट, सुलट, उलट. दोन ओळी झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की मोजा सरळ येतोय. एकपदरी सुताचा मोजा नेहमी पायात फिरतो, टाच घोट्यावर येऊन बसते. बाप त्यावरून स्वतःलाच शिव्या घालायचा. उजवा आणि डावा पीळ एकत्र आले तर दोघंही एकमेकांना फिरू देत नाहीत, हे त्या बिचाऱ्याला कुठून कळणार? डाव्या पिळाच्या सुताला तो शिवला नसता.

जिन्यावर धापा ऐकू आल्या. गाऱ्याची परात घेऊन राब्हा दारात उभी होती, मागे इत्तो. दोघींनी तो धागा पाहिला. भिंतीतून निघून सुनेच्या सुईवर चढणारा.

"तोड!" राब्हा किंचाळली. "तोड तो, पोरी!"

"तोडायचा नाही, लल्ला. एकदा तोडून झालाय."

"मरशील गं..."

"मग मोजा अर्धा राहील. तो तुम्ही पुरा करा." तूदानं मान वर केली नाही. "पेळू संपत आला. कुणीतरी लोकर द्या. माझे हात अडकलेत."

राब्हा जागची हलली नाही. इत्तो हलली. पोत्यापाशी गेली, वाकली. मूठभर लोकर हातात घेऊन तशीच उभी राहिली, जणू ती काय असते ते आठवत. मग तिची बोटं आपोआप पिंजू लागली. तिनं पेळू कोनाड्यात ठेवला आणि पुटपुटली, "बिस्मिल्ला."

गारा परातीतच वाळला.

त्यानंतर रोज दुपारी कोनाड्यात लोकर ठेवायची आणि सूत उचलायचं, असं चालू झालं. इत्तो पिंजायची, वर काहीबाही गुणगुणायचीसुद्धा. राब्हा जिन्याच्या तळाशी बसून दोघींना शिव्या द्यायची. पायांत तूदानं विणलेले, गुडघ्यांपर्यंत येणारे मोजे घालून. "गरम आहेत मेले," एवढंच कबूल करायची.

मग पोती संपली. शेवटचं पोतं इत्तोनं बर्फात उलटं करून झटकलं. मेंढ्या कातरायला अजून खूप अवकाश होता. "आता बसू दे तिला गप्प," राब्हा म्हणाली. त्या दुपारी कोनाड्यात कुणीच काही ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिथे सुताचा गुंडा होता. नेहमीपेक्षा मोठा.

तूदा तो खाली घेऊन आली. तिघी चुलीच्या उजेडात वाकल्या. त्यांच्या मेंढ्या काळ्या आणि पांढऱ्या. हे सूत मधाच्या रंगाचं होतं, कोकराच्या लोकरीपेक्षा तलम. तूदानं वास घेतला. चरबी नाही, धूर नाही. कुठलाच वास नाही. लोकर हातात धरली की ऊब यायला थोडा वेळ लागतो. हे आधीच कोमट होतं.

"कुठल्या जनावराचं हे?" राब्हानं बोट मागे घेत विचारलं.

"मी... विचारू का तिला?" इत्तो कुजबुजली.

"नको," तूदा म्हणाली आणि सुया उचलल्या. "तिनं सांगितलं तर मग विणता यायचं नाही."

तिनं पहिला टाका घातला. वर, रिकाम्या कोनाड्यात, टकळी पुन्हा फिरायला लागली.